जहाज थांबलं, माणसं उतरली

सहलीचं जहाज बेटापाशी थांबतं, प्रवासी दिवसभरासाठी खाली उतरतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. यात आता कुणाला नवल वाटत नाही. पण जहाजानं प्रवाशाला बेट दाखवण्यासाठी थांबावं, ही कल्पना फार जुनी नाही. पूर्वी जहाज थांबायचं ते कोळसा भरायला, पाणी घ्यायला, टपाल द्यायला, माल चढवायला-उतरवायला. त्याचं काम चालू असेतो प्रवाशाला जेवढा वेळ मिळेल, तेवढ्यात तो गाव बघून यायचा. आजच्या बेट-सहलीचं मूळ या उसन्या वेळात आहे.

या उसन्या वेळाचा उत्तम उपयोग करणारा एक प्रवासी आम्हां रायपूरकरांना जवळचा आहे. नवा रायपूरला लागून असलेल्या विमानतळाला ज्यांचं नाव दिलं आहे, ते स्वामी विवेकानंद 1877 ते 1879 या काळात, नरेंद्र असताना, रायपूरच्या बूढापाऱ्यात राहिले होते. चहूकडून जमिनीनं वेढलेल्या या मुलखातून गेलेला तो मुलगा पुढे 31 मे 1893 रोजी मुंबईहून ‘पेनिन्शुलर’ या आगबोटीनं अमेरिकेकडे निघाला. वाटेतल्या थांब्यांची हकिगत त्यांनी 10 जुलै 1893 रोजी योकोहामाहून लिहिलेल्या पत्रात आहे. कोलंबोला बोट जवळजवळ दिवसभर थांबली, तेव्हा ते गाडीतून शहरात फिरून आले आणि एका देवळातली बुद्धाची पहुडलेली भव्य मूर्ती पाहून आले. पुढे पेनांग लागलं. सिंगापुरात त्यांनी वनस्पती-उद्यानातली ताडामाडांची झाडं आणि संग्रहालय पाहिलं. हाँगकाँगला बोट तीन दिवस थांबणार होती. तेवढ्यात ते नदीवाटे ऐंशी मैल आत कँटनला गेले आणि वेळेत परतले.

हे पत्र मला फार मोलाचं वाटतं. कोलंबोच्या एका दिवसात शहर आणि एक देऊळ, हाँगकाँगच्या तीन दिवसांत थेट दुसरं शहर. बोट किती थांबणार हे आधी, आणि आपण काय बघायचं हे त्यानंतर. आजही किनाऱ्यावरच्या दिवसाची आखणी याच क्रमानं करावी लागते.

कोकणी माणसाला बोटीतून उतरण्याचा हा सोहळा वेगळ्या कारणानं ठाऊक होता. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागत नसत. त्या खोल पाण्यात उभ्या राहत आणि खलाशी पडावातून माणसं, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या ने-आण करत. पण ती माणसं घरी निघालेली असत, सहलीला नव्हे.

थांब्याचा हा वेळ विकायला काढला तो हांबुर्गमधल्या आल्बर्ट बालिन या माणसानं. त्याच्या कंपनीच्या मोठ्या जहाजांना हिवाळ्यात अटलांटिकवर पुरेसे प्रवासी मिळत नसत. जहाज नुसतं उभं ठेवायचं म्हणजे तोटा. म्हणून 22 जानेवारी 1891 रोजी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघालं. दोनशेहून जास्त प्रवासी आणि जवळजवळ दोन महिन्यांचा फेरा. कुठल्या बंदरात थांबायचं हे माल ठरवत नव्हता, बघण्याजोगं काय आहे ते ठरवत होतं. अलेक्झांड्रियाला उतरून पिरॅमिड, जाफाला उतरून जेरुसलेम. जहाज हे फिरतं वसतिगृह झालं आणि किनारा हा दिवसाचा कार्यक्रम. या धंद्याची कुळी सांगायची तर मूळपुरुष बालिनच म्हणावा लागेल.

कॅरिबियन समुद्रात ही कल्पना आणखी पुढे गेली. 1966 साली ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून बहामा बेटांकडे फेऱ्या करू लागलं. 1977 मध्ये ते जहाज चालवणाऱ्या नॉर्वेजियन कंपनीनं बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेटच विकत घेतलं. आता जहाजही कंपनीचं, किनाराही कंपनीचा. तिकिटात काय धरायचं आणि कशाचे वेगळे पैसे घ्यायचे, ही विभागणी अशा किनाऱ्यांवर पक्की झाली. वाळू, जेवण, समुद्रस्नान तिकिटात. नौका, गोताखोरी, सावलीची खास जागा वेगळी. सोय मोठी आहे, हे खरं. पण ज्या बेटावर कुणाचं घर नाही, शेजार नाही, कुणाचं रोजचं काम चाललेलं नाही, तिथला दिवस मला अपुरा वाटतो.

म्हणूनच या घराण्याची भारतीय शाखा मला अधिक आवडते. लक्षद्वीपची ‘समुद्रम्’ ही सहल बेटांच्या प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ ही संस्था चालवते. कोचीहून पाच दिवसांचा फेरा, ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे जहाज, आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही तीन बेटं. दिवसा बेटावर राहायचं, दुपारचं जेवण तिथेच, रात्र जहाजावर. ही रचना बालिनची नक्कल नाही, ती बेटांच्या अडचणींतून आलेली आहे. लक्षद्वीपची सगळी 36 बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. एकट्या नवा रायपूरचं नियोजन क्षेत्रच 200 चौरस किलोमीटरांच्या वर जातं. वस्ती फक्त दहा बेटांवर, आणि 2011 च्या जनगणनेत माणसं 64,473. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. उपसा वाढला की खारं पाणी वर येतं. कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारावा लागला, तोही दिवसाला एक लाख लिटरांचा. अशा ठिकाणी शेकडो पाहुण्यांना रात्रभर राहू देणं म्हणजे यजमानाच्या विहिरीवर हात टाकणं. पाहुण्यांची झोप आणि अंघोळ जहाजावर ठेवली की बेटावरचा तेवढा भार हलका होतो. बाहेरच्यांना 1967 च्या नियमांनुसार प्रवेशपरवाना लागतो, त्यामागेही बेटांची आणि तिथल्या लोकांची जपणूक आहे.

दुसरी अडचण प्रवाळाची. बेटाभोवतीच्या भिंतीच्या आत उथळ, निळंहिरवं लगून असतं. मोठं जहाज तिथे शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं होड्यांतून आत येतात, आपल्या पडावांसारखीच. त्यामुळे दिवसाचा पहिला आणि शेवटचा तास होडीचा असतो, पाहुण्याचा नव्हे. लाट उंच असेल तर उतरायला उशीर होतो. म्हणून आखणी शेवटच्या होडीपासून उलटी करत यावी.

मग सहलीत धरलेल्या गोष्टी मांडाव्यात : आल्यावर शहाळं, दुपारचं जेवण, बहुधा एखादा लोकनृत्याचा कार्यक्रम. या वेळा आपल्या हातात नसतात. बऱ्याच जणांना त्या अडथळा वाटतात आणि जेवण चुकवून पाण्यात राहावंसं वाटतं. माझं मत उलटं आहे. जेवणातली कुप्पा माशाची आमटी आणि परिचकळीचा ढाल-तलवारीचा नाच हेच बेटाचं स्वतःचं आहे. मिनिकॉयमध्ये तर भाषाही निराळी, मालदीवच्या दिवेहीची बहीण असलेली महल. तिथला लावा नाच शेजारच्या बेटांवर दिसत नाही. पाण्यातले खेळ उरलेल्या वेळात बसवावेत, तेही भरती-ओहोटी विचारून. पाणी उतरलं की काचेच्या तळाची होडी आणि मुखवटा लावून पोहणं दोन्ही अवघड होतं आणि पाय प्रवाळावर पडण्याची भीती असते. स्कूबासारख्या गोष्टींचे पैसे आणि नोंदणी आदल्या दिवशी जहाजावरच विचारून घ्यावी.

मुंबईकरांना सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ या कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे सहलीचं जहाज घरच्या धक्क्यावरून मिळू लागलं. त्याच्या फेऱ्या गोवा, दीव आणि लक्षद्वीपकडे होत्या. आम्हां रायपूरकरांचं बंदर मात्र पूर्वेला आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला विजयनगरमचा रेल्वेमार्ग रायपूरपर्यंत पूर्ण झाला आणि 1933 मध्ये विशाखापट्टणम बंदराचं उद्घाटन झालं. मध्य प्रांताचा माल समुद्राला लागावा म्हणून ही जोड घातली होती. त्याच बंदरात जून 2022 मध्ये ‘एम्प्रेस’ आलं. त्या फेरीत पुदुच्चेरीचा थांबा होता, पण तिथल्या सरकारनं जहाजाला थांबू दिलं नाही. किनाऱ्याची संमती नसेल तर छापील कार्यक्रमाला काही अर्थ राहत नाही, हे तेव्हा प्रवाशांना कळलं असेल.

लक्षद्वीपला जायचं तर आम्हांला आधी कोची गाठावं लागतं. बिलासपूर–एर्नाकुलम गाडी रायपूरवरून जाते, पण रोज नाही. म्हणून जहाजाच्या तारखेआधी एक-दोन दिवस हाताशी ठेवावे लागतात. परवान्याचे कागद आधीच द्यावे लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या सहली बंद असतात. मुलांच्या शाळा पाहता दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. आणि मिनिकॉयचा दिवस घरीच नीट ठरवून निघावा. 1885 चं दीपगृह तिथे दक्षिण टोकाकडे आहे आणि बेट लांबलचक आहे, सुमारे दहा किलोमीटरांचं. दीपगृहाच्या पायऱ्या आणि लगूनमधलं पोहणं, दोन्ही सावकाश व्हावं इतका वेळ त्या दिवसात सहसा नसतो.