शनवार तेल्यांचा परतीचा प्रवास

बाहेरून येणाऱ्यांपैकी कोणाला आत घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला असतो. परंतु तो अधिकार एकाच धर्माच्या वा वंशाच्या लोकांना झुकते माप देण्यासाठी वापरला, तर त्यास न्याय म्हणावे काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस कोकणातील मराठी ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायल समाजाचा इतिहास फार बोलका वाटतो. या समाजाने अशा धोरणाचा लाभ घेतला आणि त्याची झळही सोसली.

अलिबाग-पेणच्या परिसरात हा समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची आडनावे, आणि घरची भाषा मराठी. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या २०,००० च्या आसपास होती. धर्मासाठी येथे त्यांचा छळ झाला नाही.

१९४८ साली इस्राएलची स्थापना झाली आणि ५ जुलै १९५० रोजी तेथील संसदेने ‘परतीचा कायदा’ संमत केला. जगातील कोणत्याही ज्यूला तेथे येऊन वसण्याचा हक्क मिळाला. या पक्षपातामागे वेदना होती. १९३८ च्या एव्हियां परिषदेत ३२ देश जमले, पण बहुतेकांनी ज्यू निर्वासितांना दार उघडले नाही. पुढे नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. मात्र याच भूमीतून १९४८ च्या युद्धात विस्थापित झालेल्या सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरबांना परतीचा असा हक्क मिळाला नाही. एकाच्या परतीची वाट दुसऱ्याच्या उंबरठ्यावरून गेली.

बेने इस्रायल कुटुंबे तेथे गेली, तेव्हा कायद्याने त्यांना ज्यू म्हणून स्वीकारले होते. तरीही काहींना भेदभावाचा अनुभव आला. १९५१-५२ मध्ये भारतात परत पाठवा, अशी मागणी करीत त्यांच्यातील काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. या अपमानाविरुद्ध समाज रस्त्यावर उतरला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठालाही फर्मानातून त्या समाजाचे नाव वगळावे लागले.

शासकीय सेवेत रहिवासाच्या दाखल्यांची असंख्य प्रकरणे आमच्या नजरेखालून गेली. माणूस किती वर्षे कोठे राहिला, हे शाळेच्या दाखल्यावरून वा शिधापत्रिकेवरून सांगता येते. त्याच्या पणजीचे कूळ कोणत्या कागदावर सापडणार? एकदा कुळाच्या नावाने दार उघडले, की दाराशी कूळ तपासणारा कारकून बसवावाच लागतो. आणि तो परक्यांना जसा अडवितो, तसा कधीतरी घरच्यांनाही अडवितो.

आपल्याकडे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. पीडितांना आसरा देणे हा आपला धर्मच आहे. परंतु पाकिस्तानातील अहमदिया किंवा श्रीलंकेतील तमिळ यांचे दुःख त्या यादीत बसत नाही. आसरा द्यावयाचा तर संकट पाहून द्यावा, जातकुळी पाहून नव्हे, असे आमचे मत आहे.

बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण जागचे हललो नाही, राज्य मात्र बदलले. आणि तेव्हापासून ‘येथले कोण?’ हा प्रश्न आपल्याला पुनःपुन्हा ऐकावा लागला. म्हणूनच तो दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपण शंभरदा विचार करावा.