शंभरांत किती? एका स्त्रीव्याधीच्या मोजदादीचा इतिहास

एखादा रोग समाजात किती आहे, हे विचारणे सोपे. पण उत्तर देण्यापूर्वी रोग कशाला म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. बीजांडकोशांच्या ज्या विकाराला आज पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात, त्याचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

१७२१ साली इटलीतील वालिस्नेरी या वैद्याने एका विवाहित पण अपत्यहीन शेतकरी तरुणीच्या बीजांडकोशांचे वर्णन लिहून ठेवले : पांढुरके, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढे. या विकाराला वैद्यकात पक्के स्थान मिळावयास पुढे दोनशे वर्षे लोटली. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनी अवघ्या सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. बीजांडकोशांचा पाचरीएवढा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले.

पोट उघडल्यावाचून निदानाची खात्री होत नसे, त्या काळी ही व्याधी दुर्मिळ वाटली, यात नवल ते काय? पुढे रक्तातील संप्रेरके मोजता येऊ लागली, सोनोग्राफी आली. १९९० साली अमेरिकेत व २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी कसोट्या ठरविल्या. रॉटरडॅमच्या कसोट्या तीन : पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजांडकोशात अर्धवट वाढलेल्या बीजपुटकांची दाटी. अन्य कारणे वगळून यांपैकी दोन आढळल्या की पुरे.

आता मोजदाद पाहा. २०१० साली ऑस्ट्रेलियातील ७२८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. १९९०च्या कसोटीने प्रमाण शेकडा ८.७ आले, रॉटरडॅमच्या कसोटीने ११.९! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत १५ ते २४ वर्षांच्या मुलींत रॉटरडॅमप्रमाणे शेकडा २२.५, तर पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आवश्यक मानणाऱ्या कसोटीने १०.७. मुली त्याच, माप तेवढे बदलले.

मग हे आकडे व्यर्थ समजावयाचे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा १० ते १३ आहे, आणि त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नाही. कोणतेही माप लावा, सात जणींची ही कहाणी आता घरोघरची ठरते. या व्याधीत मधुमेहाचा व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मूल न होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे आणि त्यावर पुष्कळदा उपचार होऊ शकतात. ज्या समाजाने अशा स्त्रीच्या कपाळी 'वांझ' हा शब्द कोरला, त्याने तिचे दुःख कधी मोजलेच नव्हते. मोजणे ही त्या अन्यायाच्या परिमार्जनाची पहिली पायरी होय.