हिशेब ठेवायचा म्हणजे काय विसरायचं?

लिनक्सचा कर्नेल नेटवर्कवरून आलेली-गेलेली बाइट न बाइट मोजतो, पण लक्षात काही ठेवत नाही. '/प्रॉक/नेट/डेव्ह' ही फाइल उघडून बघा. प्रत्येक इंटरफेससमोर किती आलं, किती गेलं, ते दिसेल. मशीन रीबूट केलं की आकडे पुन्हा शून्यावर. त्यातून जुने काउंटर ३२ बिटांचे, म्हणजे साधारण ४.२९ अब्ज बाइट झाल्या की गाडी परत शून्यावर. ६४ किलोबिटच्या लाइनवर तिथवर पोचायला सहा दिवस लागतात, गिगाबिटच्या लाइनवर ३४ सेकंद. म्हणून कुणीतरी वेळच्या वेळी येऊन आकडा टिपून घ्यावा लागतो.

१९९४ साली टोबियास ओटिकर इंग्लंडमधल्या डी मॉन्टफोर्ट युनिव्हर्सिटीत काम करत होते. तिथून बाहेर जाणारी लाइन एकच, तीही ६४ किलोबिटची. ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच हवं होतं. त्यांनी पर्लमध्ये एक जुगाड केला: राउटरचा काउंटर ठरावीक वेळाने वाचायचा आणि वेबपेजवर आलेख काढायचा. १९९५ मध्ये तोच 'एमआरटीजी' म्हणून बाहेर आला. १९९६ मध्ये डेव्ह रँड यांनी त्यातला संथ भाग सीमध्ये लिहून त्याला वेग दिला.

त्यातली खरी गंमत लॉग फाइलची आहे. ती वाढतच नाही! ताजे आकडे पाच मिनिटांचे, मग अर्ध्या तासाची सरासरी, मग दोन तासांची, शेवटी दिवसाची. अशी दोन वर्षं एका छोट्या फाइलमध्ये मावतात. १९९९ मध्ये ओटिकर यांनी हीच कल्पना 'आरआरडीटूल'मध्ये नेली. जागा आधीच ठरलेली. गोल फिरत नवा आकडा जुन्यावर बसतो.

पण सरासरी फसवी असते. दहा मिनिटं ट्रॅफिक दहापट झाला, तर त्या दिवसाची सरासरी जेमतेम सहा टक्क्यांनी वाढते. 'गेल्या वर्षी त्या रात्री लाइन का गुदमरली होती?' असं कामावर कुणी विचारलं की जुन्या आलेखात मला फक्त एक सौम्य उंचवटा दिसतो. म्हणूनच आरआरडीटूलमध्ये सरासरीसोबत कमाल आकडाही वेगळा साठवता येतो.

घरच्या मशीनवर मी टेमू टोइवोला यांचा 'व्हीएनस्टॅट' वापरतो. तो पॅकेट उघडून बघत नाही, कर्नेलचेच काउंटर वाचून बेरीज मांडतो. दुसऱ्या आवृत्तीपासून हिशेब एसक्यूलाइटमध्ये असतो. मुळात ठरवून दिलेलं असं: पाच मिनिटांचे आकडे ४८ तास, तासांचे ४ दिवस, दिवसांचे ६२ दिवस, महिन्यांचे २५ महिने, वर्षांचे कायम. शिवाय सर्वांत जास्त ट्रॅफिकचे २० दिवस वेगळे जपलेले.

हे आकडे कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येतात, आणि ते आजच बघून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी एखाद्या तासाबद्दल विचारलं, तर तो तास तुमच्याकडे असेल की नाही, हे इथेच ठरतं. नंतर आकडा वाढवून पुसलेलं परत येत नाही.