राजा दीनदयाळ यांची छायाचित्रे आणि वेशभूषेचा पुरावा

जुन्या व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनात प्रेक्षकाची दृष्टी चेहऱ्यापेक्षा वस्त्रांवर अधिक काळ रेंगाळते. चेहरा अनोळखी असतो. अंगरख्याची काट, पगडीचा पेच, साडीचे काठ मात्र काही सांगू पाहतात. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने २०१० साली नवी दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात व २०१३ साली टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममध्ये भरली. त्यांच्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे येतो. छायाचित्रातील पोशाख हा इतिहासाचा पुरावा कितपत मानावा?

दीनदयाळ हे रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले, आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखनाचे काम करणारे गृहस्थ. पुढे ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठी एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली. म्हणजे सरदार, गोरे अधिकारी आणि शहरातील सधन कुटुंबे असा विविध वर्ग त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. वेशभूषेच्या अभ्यासकास याहून मोठे भांडार कोणते हवे? परंतु येथेच सावध व्हावयास हवे.

पहिली अडचण रसायनशास्त्राची आहे, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारच थोडे गेलेले आहे. त्या काळच्या सामान्य काचपट्ट्यांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्यांच्या योगे पट्टीची ग्रहणशक्ती वाढविण्याचा मार्ग दाखविला. तथापि सर्व रंग टिपणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या त्या १९०६ साली, म्हणजे दीनदयाळांच्या निधनानंतर. परिणाम असा, की आकाशी शालू पांढुरका दिसतो आणि कपाळावरचे कुंकू काळे. महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर विधवेचे तांबडे आलवण आणि सुवासिनीची काळी चंद्रकळा ही दोन वस्त्रे अशा पट्टीवर सारख्याच गडद छटेची उमटतील. सामाजिक दर्जाच्या दृष्टीने ज्यांच्यामध्ये अवघ्या आयुष्याचे अंतर, ती वस्त्रे छायाचित्रात एकरूप होतात! केशवपन, मंगळसूत्र, बांगड्या यांचा आधार घेतला नाही, तर केवळ वस्त्राच्या छटेवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा ठरावयाचा.

दुसरी अडचण स्टुडिओची. मागचा रंगविलेला पडदा, कठडा, खुर्ची ही मालमत्ता स्टुडिओची असे, आणि तीच खुर्ची भिन्न कुटुंबांच्या चित्रांत भेटली तर कोणास नवल वाटत नाही. मग तीच शाल दोन अनोळखी व्यक्तींच्या खांद्यांवर आढळली तर ती कोणाची समजावी? शिवाय निगेटिववर पेन्सिलीने हात फिरवून सुरकुत्या पुसण्याचा प्रघात त्या व्यवसायात सर्रास होता. स्टुडिओत येणारा मनुष्य ठेवणीतला पोशाख घालून येई, हेही विसरता येत नाही. त्यावरून रोजच्या पेहरावाचे अनुमान करणे हे लग्नपत्रिकेवरून संसाराचे अनुमान करण्यासारखे आहे.

तरीही हा पुरावा टाकाऊ नव्हे. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव मिळविल्या. प्रदर्शनातील कातरून चौकटीत बसविलेल्या प्रतीपेक्षा अशा निगेटिवचे महत्त्व अभ्यासकास अधिक, कारण प्रतीतून जे कापले जाते ते काचेच्या कडेला शिल्लक राहते: पडद्याची संपलेली किनार, बाजूला सरकविलेले सामान, कधी एखादा नोकर. वस्त्राच्या रंगाविषयी मात्र काच मूकच राहते. तेथे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन केलेली प्रत्यक्ष वस्त्रे समोर ठेवून, विणीवरून व काठावरून छायाचित्र ताडून पाहावे लागते. हे काम प्रदर्शनाच्या दालनात होण्याजोगे नाही. त्याची जागा संग्रहालयाच्या कोठीत आहे.