भूकंपात धोक्याच्या इमारती आणि मालकांची जबाबदारी

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराला २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी भूकंपाचा तीव्र धक्का बसला, त्या वेळी कोलंबो स्ट्रीटवरून एक प्रवासी बस जात होती. रस्त्यालगतच्या जुन्या विटांच्या इमारतीची दर्शनी भिंत तिच्यावर कोसळली. बसमधील आणि पदपथावरील मिळून १२ जण मृत्युमुखी पडले. बसमधून एकट्या ॲन ब्राउअर जिवंत बाहेर आल्या. सप्टेंबर २०१० च्या भूकंपातच त्या इमारतीचे नुकसान झालेले होते. इमारत एकाची आणि जीव दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. त्या देशात इमारतमालकांवर आज जी बंधने आहेत, त्यांमागे ही घटना उभी आहे.

नियम मात्र त्याआधीही होते. २००४ च्या इमारत कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेला, म्हणजे तेथील नगरपालिकेला, अशा इमारतींविषयी स्वतःचे धोरण ठरविण्यास सांगितले होते. परिणामी मुदती गावोगावी वेगळ्या झाल्या. काही परिषदांनी मालकांच्या मागे तगादा लावला, तर काहींनी मालक मोठी दुरुस्ती काढील तेव्हा पाहू, असे म्हटले. क्राइस्टचर्चमध्ये १८५ बळी गेल्यानंतर ही मोकळीक टिकणे शक्य नव्हते. कायदा २०१६ मध्ये बदलला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर एकच पद्धत लागू झाली.

या पद्धतीत व्याख्या महत्त्वाची आहे. त्याच जागी नवी इमारत बांधताना जेवढा हादरा गृहीत धरला जातो, त्याच्या एक तृतीयांश तीव्रतेच्या हादऱ्यात जिची क्षमता संपेल आणि जी कोसळल्यास कोणी जखमी होण्याची, दगावण्याची किंवा शेजारच्या मालमत्तेची हानी होण्याची शक्यता आहे, ती इमारत कायद्याच्या लेखी ‘धोक्याची’. नव्या बांधकामाच्या मानकाशी तुलना करून अभियंता टक्केवारी देतो. ती ३४ पेक्षा कमी भरली की इमारत या वर्गात जाते. ही टक्केवारी म्हणजे इमारत कधी पडेल याचे भाकीत नव्हे, हे अनेक भाडेकरूंच्या आणि मालकांच्याही ध्यानात येत नाही. स्वतंत्र राहती घरे कायद्याबाहेर आहेत. दोन किंवा अधिक मजले आणि तीन किंवा अधिक बिऱ्हाडे असतील, तरच निवासी इमारत त्यात येते.

परिषद प्रथम संशयित इमारती हेरते. सळ्यांचा आधार नसलेले विटांचे बांधकाम त्यांत अग्रभागी असते. मग मालकाला १२ महिन्यांत अभियंत्याचा अहवाल द्यावा लागतो. अहवाल प्रतिकूल आला, की परिषद नोटीस काढते. ती इमारतीवर ठळक जागी लावावी लागते आणि तिची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते. ही नोटीस जागा रिकामी करण्याचा हुकूम नव्हे. दुकाने चालू राहतात, कुटुंबे राहतात. मात्र विकत घेणारा, बँक आणि विमा कंपनी ती वाचतात, आणि मालकाची खरी कोंडी तेथे सुरू होते.

दुरुस्तीची मुदत भूकंपाच्या जोखमीनुसार ठरविण्यात आली. वेलिंग्टनसारख्या उच्च जोखमीच्या भागात १५ वर्षे, मध्यम भागात २५ आणि ऑकलंडसारख्या कमी जोखमीच्या भागात ३५ वर्षे. उच्च आणि मध्यम भागांतील काही इमारतींना याच्या निम्मीच मुदत मिळाली. स्थानिक परिषदेचा अधिकार येथे दिसतो. ज्या रस्त्यांवर पुरेशी वर्दळ आहे आणि जेथे विटांची भिंत किंवा कठडा कोसळू शकतो, असे रस्ते नागरिकांची मते मागवून परिषदेने ठरवायचे. ब्राउअर यांनी नेमका याच तरतुदीसाठी पाठपुरावा केला होता.

नियम लागू करणारी परिषद स्वतःही मालक असते, आणि वेलिंग्टनला त्याचा अनुभव पुरेपूर आला. तेथील टाउन हॉल २०१३ मध्ये बंद झाला. मजबुतीकरणाचा प्रारंभीचा अंदाज सुमारे ४.३ कोटी डॉलर होता. २०२३ मध्ये तो ३२.९ कोटींवर पोहोचला. परिषदेला निदान करवसुलीचा आधार आहे. बहुमजली इमारतीत एकच सदनिका असलेल्या निवृत्त माणसाला मात्र आपला वाटा स्वतःच उभा करावा लागतो, आणि शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत तर सर्वांचेच काम अडते. नोंदणीकृत प्रथम श्रेणीच्या वारसावास्तूंना दहा वर्षांपर्यंत वाढीव मुदत मागता येते; सामान्य सदनिकाधारकाला ती सोय नव्हती.

या तक्रारी वाढत गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने, २ एप्रिल २०२४ रोजी न संपलेल्या मुदती चार वर्षांनी वाढविल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने टक्केवारीची पद्धतच मोडीत काढण्याचे जाहीर केले. या प्रस्तावानुसार ऑकलंड आणि नॉर्थलँड वगळले जातील. उच्च आणि मध्यम जोखमीच्या भागांतील तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँक्रीटच्या इमारती आणि सळ्यांचा आधार नसलेली विटांची बांधकामे यांवरच भर राहील. क्राइस्टचर्चच्या बळींपैकी ११५ जण ज्या सीटीव्ही इमारतीत गेले, ती १९८० च्या दशकातील काँक्रीटची बहुमजली इमारत होती, जुन्या विटांची नव्हे.