दिल्लीचे नळाचे पाणी : नदी, शुद्धीकरण केंद्र आणि जलवाहिनी

नवी दिल्ली : देशाच्या राजधानीतील नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे काय, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी, रस्त्याखालील जलवाहिनीतून वाहणारे पाणी आणि घराच्या टाकीत साठलेले पाणी यांची गुणवत्ता एकसारखी नसते. केंद्रातील चाचणीत निर्दोष ठरलेले पाणी काही किलोमीटरच्या प्रवासात दूषित होऊ शकते. उलट, नदीच अतिदूषित असेल तर शुद्धीकरण केंद्रालाही हात टेकावे लागतात. गेल्या सत्तर वर्षांत दिल्लीने हे दोन्ही प्रकार अनुभवले आहेत.

पाणी येते कोठून

दिल्लीत पाणीपुरवठ्याची जबाबदारी १९९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या दिल्ली जल मंडळाकडे आहे. शहराला दररोज सुमारे १,००० दशलक्ष गॅलन, म्हणजे साडेचारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी पुरवले जाते. मागणी याहून अधिक आहे. दिल्लीच्या हद्दीत स्वतःचे मोठे धरण नाही. त्यामुळे बहुतांश पाणी शेजारच्या राज्यांतून येते.

वझीराबाद आणि चंद्रावल ही जुनी केंद्रे वझीराबाद बंधाऱ्यामागे साठणारे यमुनेचे पाणी उचलतात. हैदरपूरसारख्या केंद्रांना हरियाणातून कालव्याद्वारे यमुनेचेच पाणी मिळते. पूर्व दिल्लीतील भागीरथी आणि सोनिया विहार या केंद्रांना उत्तर प्रदेशातील मुरादनगर येथून गंगेचे पाणी येते. याखेरीज कूपनलिका आणि यमुनेच्या पूरक्षेत्रातील विहिरींतून भूजल उपसले जाते. एकाच शहरातील दोन वसाहतींच्या नळांना येणाऱ्या पाण्याची चव, क्षारता आणि दूषणाचा धोका वेगवेगळा असतो, त्याचे पहिले कारण येथे आहे.

१९५५ ची कावीळ

दिल्लीच्या पाण्याचा इतिहास जगभरातील वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला तो एका साथीमुळे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचे पात्र वझीराबादच्या उपसा केंद्रापासून दूर सरकले आणि नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलट दिशेने सरकून उपशाच्या ठिकाणी पोहोचले. ही बाब कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आली होती. पाण्यातील तुरटीचे आणि क्लोरीनचे प्रमाण तातडीने वाढवण्यात आले. विषमज्वर आणि हगवण यांची साथ उसळली नाही आणि संकट टळल्यासारखे वाटले.

काही आठवड्यांनी, डिसेंबरच्या सुरुवातीपासून, शहरात काविळीचे रुग्ण वाढू लागले. जानेवारी १९५६ पर्यंत उघड कावीळ झालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० असल्याचा अंदाज नोंदवला गेला. गर्भवती स्त्रियांमध्ये आजार विशेष तीव्र होता. जिवाणू मारण्यास पुरेशी ठरलेली क्लोरीनची मात्रा गढूळ आणि मैलामिश्रित पाण्यातील विषाणूंना रोखू शकली नव्हती.

ही साथ हिपॅटायटिस ‘अ’ ची असावी, असे त्यावेळी मानले गेले. त्या काळातील रुग्णांचे रक्तद्रव जतन करून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी संशोधकांसह त्याची पुन्हा तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा तो विषाणू ‘अ’ ही नव्हे आणि ‘ब’ ही नव्हे, असे स्पष्ट झाले. आज तो हिपॅटायटिस ‘ई’ या नावाने ओळखला जातो. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्यावर केवळ क्लोरीन वाढवून भागत नाही, हा या साथीचा धडा होय.

पुढे वझीराबाद येथे बंधारा बांधण्यात आला. नजफगढ नाला आज त्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला यमुनेस मिळतो. त्यामुळे दिल्लीचे स्वतःचे मैलापाणी उपशाच्या ठिकाणापासून दूर राहते. बंधाऱ्याच्या वर मात्र हरियाणातील शहरे आणि कारखाने आहेत.

अमोनियाची अडचण

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस यमुनेत अमोनिया वाढल्याने दिल्लीच्या काही भागांतील पुरवठा घटल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. हथिनीकुंड बंधाऱ्यावर यमुनेचे बहुतेक पाणी कालव्यांत वळवले जाते आणि कोरड्या ऋतूत मूळ पात्रात प्रवाह क्षीण राहतो. पानिपत आणि सोनीपत परिसरातून कापड रंगवण्याच्या आणि इतर कारखान्यांचे सांडपाणी, तसेच नागरी मैलापाणी नदीत येते. ते विरळ करण्याइतके पाणी पात्रात नसते. थंडीत अमोनियाचे विघटन करणारे जिवाणूही मंदावतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अमोनियाचे प्रमाण प्रतिलिटर ०.५ मिलीग्रॅमपेक्षा अधिक असू नये. दिल्लीच्या केंद्रांची क्षमता नदीच्या पाण्यात सुमारे १ मिलीग्रॅमपर्यंतचा अमोनिया हाताळण्याची आहे. प्रमाण त्यापुढे गेले की उत्पादन कमी करावे लागते किंवा कालव्याचे स्वच्छ पाणी मिसळावे लागते.

एवढ्या प्रमाणातील अमोनिया पोटात गेल्याने थेट विषबाधा होत नाही. धोका दोन कारणांनी उद्भवतो. एक म्हणजे अमोनिया हे पाण्यात मैलापाणी किंवा औद्योगिक सांडपाणी मिसळल्याचे चिन्ह आहे. दुसरे म्हणजे तो क्लोरीन फस्त करतो. पाण्यात सोडलेला क्लोरीन प्रथम अमोनियाशी संयोग पावून क्लोरामाइन तयार करतो. क्लोरामाइनची जंतुनाशक शक्ती मुक्त क्लोरीनपेक्षा बरीच कमी असते. मुक्त क्लोरीन शिल्लक राहावा, असे वाटत असेल तर अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या आठ ते दहा पट क्लोरीन द्यावा लागतो.

क्लोरीन वाढवण्यालाही मर्यादा आहे. पाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन द्रव्ये तयार होतात. दीर्घकाळ सेवनाने मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध असावा, असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. भारतीय मानकाने क्लोरोफॉर्मची मर्यादा प्रतिलिटर ०.२ मिलीग्रॅम ठरवली आहे. तथापि या द्रव्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे, कारण जंतूंपासूनचा धोका तात्काळ आणि अधिक मोठा असतो.

हा विषय न्यायालयातही गेला आहे. दिल्ली जल मंडळाच्या याचिकेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेच्या प्रचारातही यमुनेतील अमोनियावरून मोठा वाद झाला आणि प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत पोहोचले.

जलवाहिनीतील दूषण

शुद्ध केलेले पाणी सुमारे १५,००० किलोमीटर लांबीच्या जाळ्यातून घरोघरी जाते. त्यातील अनेक वाहिन्या कित्येक दशकांपूर्वीच्या आहेत. बहुतेक वसाहतींना पाणी दिवसातून ठरावीक वेळीच मिळते. वाहिनी भरलेली असताना आतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा अधिक असतो. तडा असला तरी पाणी बाहेर झिरपते, आत काही येत नाही. पुरवठा थांबला की दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गळक्या मैलावाहिनीतील किंवा चिखलातील पाणी त्याच तड्यातून आत शिरते. थेट वाहिनीला मोटर लावून पाणी ओढल्यास हा धोका आणखी वाढतो. पुन्हा पाणी सुटते तेव्हा ही घाण सर्वांत आधी नळातून बाहेर पडते. गढूळ आणि दुर्गंधीयुक्त पाण्याच्या तक्रारी बहुधा याच वेळच्या असतात.

कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे शहराच्या काही भागांत अखंड आणि उर्वरित भागांत खंडित पुरवठा असताना दोन्हींची तुलना करण्यात आली. स्रोत आणि शुद्धीकरण सारखेच असूनही खंडित पुरवठ्याच्या नळांत मैलाजन्य जिवाणू कितीतरी अधिक वेळा आढळले.

दिल्लीतील नळांबाबत वेगळ्या प्रकारची चिंता २०११ मध्ये पुढे आली. ब्रिटिश संशोधकांनी शहरातील नळाच्या पाण्याचे ५० आणि रस्त्यांवर साचलेल्या किंवा झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले. अनेक प्रभावी प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारे ‘एनडीएम-१’ हे जनुक नळाच्या दोन आणि साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आढळले. केंद्र सरकारने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता.

मानक आणि २०१९ चा अहवाल

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ‘आयएस १०५००’ या क्रमांकाने ओळखले जाते. ते १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये त्याची दुसरी सुधारित आवृत्ती निघाली. त्यानुसार १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये. मुक्त क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलीग्रॅम असावा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो ०.५ असावा. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ती २,००० पर्यंत शिथिल करता येते. नायट्रेटसाठी ४५, तर शिसे आणि आर्सेनिक यांसाठी प्रत्येकी ०.०१ मिलीग्रॅम ही मर्यादा आहे.

तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री रामविलास पासवान यांनी १६ नोव्हेंबर २०१९ रोजी भारतीय मानक ब्यूरोने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. दिल्ली आणि २० राज्यांच्या राजधान्यांतील नळांचे नमुने त्यात होते. मुंबईचे सर्व नमुने मानकास उतरले, तर दिल्लीचे सर्व ११ नमुने अनेक निकषांवर अनुत्तीर्ण ठरले. दिल्ली सरकारने हे निष्कर्ष अमान्य केले. सुमारे दोन कोटी लोकसंख्येच्या महानगराबद्दल ११ नळांवरून किती अनुमान काढावे, हा प्रश्न रास्त होता. परंतु एकही नमुना उत्तीर्ण न होणे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

मुंबईशी तुलना करताना भौगोलिक फरक ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा आदी तलावांतून येते. त्यांचे पाणलोट क्षेत्र बहुतांशी डोंगराळ आणि वनाच्छादित असून वरच्या अंगाला मोठी औद्योगिक शहरे नाहीत. दिल्लीला मात्र दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या पाण्याने दूषित झालेली नदी शुद्ध करावी लागते.

मोठी अडचण कायद्याची आहे. ‘आयएस १०५००’ चे पालन नळाने पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक यंत्रणांवर कायद्याने बंधनकारक नाही.

भूजल आणि घरगुती यंत्रे

जलवाहिनी पोहोचलेली नाही किंवा पुरवठा अपुरा आहे तेथे कूपनलिका आणि टँकर यांचा आधार घेतला जातो. दिल्लीच्या वायव्य आणि नैर्ऋत्य भागांत भूजल खारे असून अनेक ठिकाणी फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळतात. काही नमुन्यांत युरेनियमही आढळले आहे. उकळल्याने जंतू मरतात, परंतु क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट कमी होत नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

अशा पाण्यासाठी ‘आरओ’ यंत्र उपयुक्त ठरते. नदीचे शुद्ध केलेले पाणी मिळणाऱ्या वसाहतींत क्षार सामान्यतः मर्यादेत असतात आणि प्रश्न जंतूंचा असतो. तेथे उकळणे किंवा चांगल्या गाळणीसह अतिनील किरणांचे यंत्र पुरेसे ठरू शकते. अनेक ‘आरओ’ यंत्रे एक लिटर पाण्यामागे दोन ते तीन लिटर वाया घालवतात. क्षारांचे प्रमाण ५०० मिलीग्रॅमपेक्षा कमी असलेल्या ठिकाणी त्यांच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिले होते. या यंत्रांतून क्लोरीनही निघून जातो. त्यामुळे गाळलेले पाणी फार काळ साठवल्यास त्यात जंतू पुन्हा वाढू शकतात.

पाणी सुटल्यानंतर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी न भरणे, छतावरची टाकी झाकलेली ठेवून नियमित धुणे, पाणी गढूळ वा दुर्गंधीयुक्त असल्यास ते खळखळून उकळणे आणि तक्रार नोंदवणे, ही खबरदारी प्रत्येक कुटुंबाला घेता येते. यंत्र आणि त्याच्या देखभालीचा खर्च मात्र प्रत्येकाला परवडत नाही. सार्वजनिक नळावर किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या वस्त्यांमध्ये पाण्याची गुणवत्ता पुरवठा करणाऱ्या यंत्रणेवरच अवलंबून राहते.

उपायांची दिशा

ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिता येईल असा चोवीस तास पुरवठा सुरू झाला. वाहिनीत सतत दाब राखणे, गळती शोधणे आणि घराच्या नळापर्यंत गुणवत्ता तपासणे हे या पद्धतीचे गाभ्याचे भाग आहेत. दिल्लीचे आकारमान आणि पाण्याची टंचाई पाहता हे काम तेथे टप्प्याटप्प्यानेच होऊ शकते.

यमुनेत येणारे सांडपाणी उगमापाशी रोखणे दिल्लीच्या एकटीच्या हाती नाही, त्यासाठी हरियाणाचे सहकार्य लागते. जीर्ण वाहिन्या बदलणे आणि मैलावाहिन्या त्यांच्यापासून दूर नेणे हे मात्र राजधानीच्या यंत्रणांचे काम आहे. १९५५ मध्ये नदीतून उपशात शिरलेले मैलापाणी आज बहुधा वाहिनीच्या तड्यातून शिरते. शुद्धीकरण केंद्रातील क्लोरीन त्या अखेरच्या टप्प्यात पुरे पडेलच, अशी खात्री देता येत नाही.