पेरापेरानं चढलेलं घर

तेलंगणातल्या उटनूरच्या बाजारात आता सिमेंटची दुमजली घरं उठलीत. पण गावाबाहेर एखाद्या गोंड किंवा कोलाम गुड्याकडे वळलं, की कुडाची भिंत अजून भेटते. सागवानी मेढी जमिनीत रोवलेल्या, मधे बांबूच्या कामट्या एकीआड एक गुंफलेल्या, वरून शेणमातीचं लिंपण. तळहातानं ढकललं तर भिंत जराशी आत जाते, हात काढला की परत येते. लिंपणाला बारीक भेग पडते, ती पुढच्या सारवणात बुजते. गगनचुंबी इमारतींचा मागोवा मी या बोटभर हालचालीपासून सुरू करतो, कारण वारा आणि भूकंप यांच्यापुढे टिकण्याची सगळी विद्या तिच्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात याची उलट बाजू दिसली. माळवदाचं घर म्हणजे मराठवाड्यात घराण्याचा मान. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर मातीचं जड छत, उन्हाळ्यात आत गारवा. त्या हादऱ्यात भिंतींचे दगड सुटे झाले आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. गवती छपराच्या हलक्या झोपड्या मात्र तगल्या. तोवर तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जड तेच भक्कम, या समजुतीनं किती माणसं नेली, हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

वाकण्याची ही विद्या उंचीला नेली ती जपानी सुतारांनी. सातव्या शतकातल्या होर्यूजी पॅगोड्याचे पाच मजले धक्क्यात आपापले डोलतात. मधला खांब बुद्धाच्या अवशेषांवर उभा आहे, म्हणजे श्रद्धेचा कणाही तोच. टोकियोच्या ६३४ मीटर उंच स्कायट्रीच्या मध्यखांबाला आजही त्याच खांबाचं नाव आहे.

पुढचं पाऊल ढाक्यात जन्मलेल्या फझलूर खान यांचं. बांबूचं बळ त्याच्या सालीत असतं, आत पोकळी. खान यांनी शिकागोत इमारतीचं बळ असंच बाहेरच्या अंगाला आणलं, सगळी इमारतच एक नळी केली. मग १०८ मजली सिअर्स टॉवरसाठी अशा नऊ नळ्यांची मोळी बांधली.

आपल्याकडे मुंबईत चार्ल्स कोरियांनी १९८३मध्ये कांचनजंगा उभी केली. २८ मजल्यांच्या या इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्याभोवतीचा व्हरांडा कोपऱ्यांतल्या दुमजली गच्च्यांच्या रूपानं आणला. समुद्राचा वारा घरात खेळतो, पावसाचा मारा बाहेर अडतो, आणि आडवा जोर मधला काँक्रीटचा गाभा पेलतो. मला ही इमारत फार आवडते, कारण तिथे रीत आणि रचना वेगळ्या काढताच येत नाहीत.

तैपेई १०१मध्ये तर साक्षात बांबूच उभा आहे. सी. वाय. ली यांनी ५०८ मीटरच्या या इमारतीला आठ पेरं दिली, प्रत्येक पेर आठ मजल्यांचं. चिनी मनात आठ हा भरभराटीचा आकडा. कोपरे करवतीच्या दात्यांसारखे कापले, त्यामुळे वाऱ्याचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. ८७व्या ते ९२व्या मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा पोलादी गोळा दोरांवर टांगलेला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो मागे राहतो आणि तिला आवरतो. २०१५च्या वादळात तो तब्बल एक मीटर झुलला. त्या गोळ्याला तिथल्या लोकांनी लपवलं नाही, बघायला जागा केली.

उटनूरच्या नव्या घरांना गोळा लागत नाही. तिथे कुडाचं काम खांबांतल्या सळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा करतात. किल्लारीच्याच वर्षी, १९९३मध्ये निघालेलं भूकंपाचं भारतीय मानक सांगतं, की रिंगेची टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या आत घ्यावीत. काटकोनात सोडलेली टोकं हादऱ्यात उघडतात, सळ्या बाहेर फुगतात आणि खांब बसतो. म्हणून काम चालू असलेल्या घरापाशी मी थांबतो, काँक्रीट पडण्याआधी खांबात वाकून बघतो, आणि टोक सरळ दिसलं तर गवंड्याला म्हणतो, दादा, अजून थोडं आत वळवा.